किल्ली कोणाच्या हाती?

दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करण्याची रीत १९९५ सालापर्यंत विलक्षण भाबडी होती. ‘टेलनेट’ किंवा बर्कले विद्यापीठाच्या युनिक्ससोबत १९८३ साली आलेली ‘आरलॉगिन’ ही आज्ञा टंकावी, आपले नाव व परवलीचा शब्द द्यावा, की शेकडो कोसांवरील यंत्र आपले हुकूम पाळू लागे. परंतु तो परवलीचा शब्द तारेवरून उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. वाटेत कान लावून बसलेल्या कोणालाही तो टिपता येत असे. आरलॉगिनची तऱ्हा तर त्याहून निराळी. अमुक यंत्रावरून आलेला मनुष्य विश्वासू आहे, अशी एक ओळ लिहून ठेवली की परवलीच्या शब्दाचीही गरज उरत नसे. १९८८ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला ‘किडा’ यंत्रायंत्रांतून पसरला, तो अन्य वाटांबरोबर या भोळ्या विश्वासाच्या वाटेनेही.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशाच परवलीच्या शब्दांची चोरी झाली. तेथील संशोधक तातु युलोनेन याने त्यानंतर ‘सिक्युअर शेल’, म्हणजेच एसएसएच, ही आज्ञावली लिहिली आणि त्याच वर्षीच्या जुलैत ती सर्वांस विनामूल्य दिली. टेलनेटचे दार २३ क्रमांकाचे, फाइली पाठविणाऱ्या एफटीपीचे २१ क्रमांकाचे. मधला २२ रिकामा होता. युलोनेनने संबंधित संस्थेकडे तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो त्यास मिळाला. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या हकिकतीचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही. पुढे मूळ आज्ञावलीचे परवाने कडक होत गेले, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी तिच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून १९९९ साली ‘ओपनएसएसएच’ उभे केले. आज बहुतेक ठिकाणी तेच चालते.

या व्यवस्थेचा पाया जोडकिल्ल्यांचा. एक जाहीर, दुसरी खासगी. ही कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली आणि रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ साली तिला गणिती रूप दिले. ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातील जेम्स एलिस यांना ती १९७० सालीच सुचली होती व क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ साली त्यामागचे गणितही मांडले होते. परंतु तो कागद दफ्तरात बंद राहिला. १९९७ च्या डिसेंबरात गुपित खुले झाले, तेव्हा एलिस यांचे निधन होऊन महिनाही उलटला नव्हता.

मराठी वाचकांस ही जोडी समजावयास शिक्कामोर्तबाचे उदाहरण पुरेसे आहे. शिक्क्याचा ठसा ओळखणारे अनेक असत, पण तो उठविणारा शिक्का एकाच्याच ताब्यात राही. पत्र गावोगाव फिरे, शिक्का मात्र जागचा हलत नसे. एसएसएचमध्येही जाहीर किल्ली दूरच्या यंत्रावर ठेवतात. खासगी किल्लीने त्या भेटीपुरती एक सही केली जाते, आणि तारेवरून जाते ती सही, किल्ली नव्हे. म्हणजे चोराने टिपण्याजोगे वाटेत काही उरतच नाही. त्याला आता शिक्काच चोरावा लागेल.

आणि शिक्का म्हणजे तरी काय, संगणकावरची एक लहानशी फाइल! ‘एसएसएच-कीजेन’ या आज्ञेने ती घडते. ती मालकाखेरीज इतरांस वाचता येत असेल, तर आज्ञावली ती वापरावयासच नकार देते. म्हणून तिचा परवाना ६०० असा ठेवावा लागतो. फाइलीवर परवलीच्या वाक्याचे कवच चढविता येते, पण कंटाळा करून ते रिकामे सोडणारे पुष्कळ. ते वाक्य मागाहून बदलता येते. मात्र किल्लीची नक्कल आधीच कोणी नेली असेल, तर त्या नकलेवरचे कवच जुनेच राहते. अशा वेळी वाक्य बदलणे व्यर्थ होय. नवी जोडी घडवून जुनी जाहीर किल्ली सर्व यंत्रांवरून काढावयास हवी.

वारंवार वाक्य टंकण्याचा त्रास वाचावा म्हणून ‘एजंट’ नावाचा एक मुनीम असतो. तो उघडलेली किल्ली स्मृतीत धरून बसतो व मागितल्यावर सही करून देतो. त्यास मधल्या यंत्रावरूनही हाक मारता येते. परंतु त्या यंत्राचा सर्वाधिकारी दुष्ट निघाला, तर तोही मुनिमाकडून सह्या करवून घेऊ शकतो. २०१९ च्या एप्रिलात मॅट्रिक्स या संदेशव्यवस्थेत शिरलेल्याने हीच वाट धरली होती.

किल्ली घडतानाच खोट राहिली तर जपणूकही निरुपयोगी ठरते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात २००६ साली एका दुरुस्तीच्या भरात यादृच्छिकता जवळजवळ सारी निघून गेली. एकेका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या अब्जावधींऐवजी अवघ्या ३२,७६७ संभवू लागल्या. हे २००८ च्या मे महिन्यात उघड झाले. तोवर असंख्य यंत्रांनी त्या दुबळ्या किल्ल्यांवर निर्धास्त विश्वास टाकला होता.

तरीही आमच्या मते खरी उणीव गणितात नसून कारभारात आहे. कोषागाराच्या तिजोरीला दोन कुलपे असतात. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. बदली झाली की नोंदवहीत सही करून किल्ली सोपवावयाची, त्यावाचून कार्यभारातून सुटका नाही. एसएसएचच्या किल्लीस अशी नोंदवही कोणी जोडलीच नाही. जाहीर किल्ली एकदा यंत्रावर लिहिली की ती आपण होऊन कालबाह्य होत नाही. माणूस नोकरी सोडून जातो, त्याची ओळ तेथेच राहते. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१५ च्या ऑक्टोबरात याच विषयावर एक अहवाल काढला. किल्ल्यांची यादी करा, निरुपयोगी काढून टाका, प्रत्येकीस धनी नेमा, असा त्याचा रोख आहे. त्याच्या लेखकांत पहिले नाव तातु युलोनेन याचे आहे. कुलूप घडविणाऱ्यालाच वीस वर्षांनी किल्ल्यांचा हिशेब मागावा लागला.

उपाय आले आहेत. मुदत असलेली प्रमाणपत्रे ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून आहेत. किल्लीचे मर्म हाताच्या बोटाएवढ्या उपकरणात कोंडून, सही करण्यापूर्वी त्यास स्पर्श करावयास लावण्याची सोय २०२० पासून. पण जुन्या यंत्रावरची ‘ऑथराइज्ड कीज’ ही फाइल कोणी उघडून पाहिली, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी किल्ली घडविणाऱ्याचे व त्याच्या यंत्राचे नाव बहुधा सापडते. त्यांतील किती जण अद्याप त्या कचेरीत आहेत, हे प्रत्येकास विचारूनच ठरवावे लागते.