कर्णवेधापासून नासासंधानापर्यंत

मराठी भाषेनें माणसाची अब्रू त्याच्या नाकावर ठेवली आहे. अपमान झाला म्हणजे नाक कापलें जातें, शरण जावयाचें तर नाक घासावें लागतें, आणि मानी माणूस नाकावर माशी बसूं देत नाहीं. हे नुसते वाक्प्रचार नव्हेत. शूर्पणखेच्या कथेपासून तों अठराव्या शतकांतील लढायांपर्यंत अपराध्याचें, शत्रूचें किंवा संशयित स्त्रीचें नाक खरोखरच कापलें जाई. जीव घेणें निराळें, आणि जीव ठेवून तोंड दाखविण्यास जागा न ठेवणें निराळें. ज्या देशांत नाकें कापण्याची रीत होती, त्याच देशांत तीं पुन्हां घडविण्याची विद्या वाढली आणि तेथूनच ती पुढें पश्चिमेकडे गेली. परंतु तिचें मूळ शिक्षेंत शोधावयास गेल्यास सांपडत नाहीं. तें सांपडतें लहान मुलाच्या कानांत, दागिना घालण्यासाठीं पाडलेल्या भोंकांत.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळावा अध्याय कर्णवेधाचा आहे. या ग्रंथाचें आज उपलब्ध असलेलें स्वरूप इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांत सिद्ध झालें असावें; त्यांतील परंपरा त्याहून जुनी आहे. मुलाचे कान टोचावयाचे ते रक्षणासाठीं आणि भूषणासाठीं, अशीं दोन कारणें सुश्रुत देतो. वय सहा किंवा सात महिन्यांचें असावें आणि पक्ष शुद्ध असावा. मूल दाईच्या मांडीवर द्यावें, खेळणीं दाखवून रमवावें. वैद्यानें डाव्या हातानें पाळी ओढून धरावी, सूर्याचा किरण जेथून आरपार दिसतो ती जागा हेरावी, आणि उजव्या हातानें सरळ वेध करावा. मुलाचा उजवा कान आधीं, मुलीचा डावा. पाळी पातळ असेल तर सुई वापरावी, जाड असेल तर आरी. मग भोंकांत कापसाची वात घालून तेल सोडावें आणि दर तिसऱ्या दिवशीं वात थोडी जाड करीत जावें. हें काम पुढें वैद्याच्या हातून सोनाराकडे गेलें. सोनारानें कान टोचले म्हणजे दुखत नाहीं, ही म्हण त्याचीच साक्ष देते.

सुश्रुत येथें थांबला असता तर हा अध्याय एका संस्काराचें वर्णन एवढाच राहिला असता. पण तो चिकित्सक होता. वेध चुकला तर काय होतें, हें त्यानें पाहिलें होतें. पाळींतील तीन शिरांचीं नांवें देऊन त्यांना धक्का लागल्यास कोठें ज्वर, कोठें दाह, कोठें सूज येते, हें त्यानें नोंदविलें. वाढविलेली पाळी दोषामुळें किंवा आघातानें दुभंगते, हेंही त्यानें पाहिलें. आणि दुभंगलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार त्यानें नांवनिशीवार सांगितले. दोन्ही तुकडे सारखे असतील तर एक बंध, एक लांब व दुसरा आंखूड असेल तर दुसरा, पाळीच नसेल तर तिसरा. या शेवटच्या प्रसंगीं गालाचें मांस सोलून पाळी घडवावी, पण तें मांस गालापासून पुरतें तोडूं नये, त्याचा एक धागा जिवंत राहूं द्यावा, असें तो बजावतो.

या एका सूचनेंत साऱ्या विद्येचें मर्म आहे. कापून वेगळें केलेलें जाड मांस मरतें. मुळाशीं जोडलेलें मांस रक्त पीत राहतें आणि नव्या जागीं रुजतें. रोपाला मुळाची माती ठेवून उचलावें तसा हा प्रकार. दागिन्याच्या हौसेपायीं कान फाटले नसते, तर हें मर्म इतक्या लवकर कोणाच्या ध्यानीं आलें असतें कीं नाहीं, कोण जाणे! रोगी धडधाकट असे, जखम उघडी आणि लहान असे, आणि यश किंवा अपयश उद्यांच सर्वांना दिसे. शास्त्रज्ञाला प्रयोगासाठीं याहून सोईची जागा शरीरांत क्वचितच सांपडेल.

त्याच अध्यायाच्या अखेरीस सुश्रुत कानावरून नाकाकडे वळतो. झाडाचें पान घेऊन तें गेलेल्या नाकाएवढें कापावें. त्या मापानें गालाचें मांस, एका बाजूस जोडलेलें ठेवून, उचलावें. नाकाचा थोटा भाग खरवडून ताजा करावा आणि त्यावर तें त्वरेनें सांधावें. श्वास चालावा म्हणून दोन नळ्या बसवाव्या. वर ज्येष्ठमधादि औषधींचें चूर्ण टाकून पांढऱ्या कापसानें झांकावें आणि तिळाचें तेल शिंपीत राहावें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. नथीच्या प्राचीनतेचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं घेतला होता, आणि इसवी सन १००० च्या आधींच्या वाङ्मयांत वा शिल्पांत नाकांतील दागिना आढळत नाहीं, असें अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे सुश्रुताच्या काळीं कान दागिन्यासाठीं टोचला जाई, नाक नव्हे. तरीही नाकाचें संधान कानाच्याच अध्यायांत आलें, कारण कानावर शिकलेला हातच नाकाला उपयोगी पडला. भूषणानें विद्या दिली आणि अब्रूनें ती कामास लावली.

पुढें ग्रंथ राहिला आणि हात गेला. स्मृतिकारांनीं वैद्याचें अन्न अग्राह्य ठरविलें. रक्तपुवांत हात घालणें हलकें मानलें जाऊं लागलें. वैद्य नाडी पाहूं लागला, काढे देऊं लागला, पण शस्त्र त्यानें खालीं ठेविलें. तें उचललें ज्यांना हात मळण्याची भीति नव्हती त्यांनीं. युरोपांत या विद्येचें नशीब थोडें निराळें, पण फारसें बरें नव्हतें. पंधराव्या शतकांत सिसिलींतील ब्रांका नांवाचें घराणें नाकें घडवीत असे. बोलोन्याचा प्राध्यापक गास्पारे ताल्याकोत्सी यानें १५९७ मध्यें या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पद्धतींत दंडाची कातडी नाकाला जोडीत आणि ती रुजेपर्यंत रोग्याचा हात डोक्याशीं बांधून ठेवीत. तो निवर्तल्यावर ती पद्धतही मागें पडली, आणि अठराव्या शतकांत लंडनचा किंवा पॅरिसचा नामांकित शस्त्रवैद्यही नाक गेलेल्या माणसासाठीं फारसें कांहीं करूं शकत नव्हता.

अशा वेळीं पुण्याजवळ एक घटना घडली. १७९० ते १७९२ या काळांत टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र लढत होते. इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा एक गडी होता. इंग्रजी कागदांत त्याचें नांव कावसजी असें आहे आणि तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. १७९२ मध्यें तो टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. सुटून तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या पलटणींत परत आला, आणि पुढें कंपनीनें त्याला निवृत्तिवेतन दिलें. बैल हांकणाऱ्याचा हात गेला म्हणजे पोट गेलें. पण पोटाची सोय झाल्यावरही त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. हात परत येणें शक्य नव्हतें. नाक मात्र येऊं शकतें, हें त्याला आपल्या मुलखांत ठाऊक होतें. नाकावांचून वर्षाहून अधिक काळ काढल्यावर तो पुण्याजवळच्या एका कारागिराकडे गेला. हा कारागीर वैद्य नव्हता. तो विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा, म्हणजे कुंभारकाम करणाऱ्यांपैकीं होता.

अशी शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यांतील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनीं प्रत्यक्ष पाहिली होती. कारागीर मेणाचा पातळ पत्रा थोट्या नाकावर बसवून त्याला सुरेख नाकाचा आकार देई. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवी, त्याच्या कडेनें रेघ ओढी, आणि तेवढी कातडी सोलून काढी; मात्र दोन डोळ्यांमधील एक अरुंद पट्टी तशीच ठेवी. थोट्या नाकाची कड खरवडून तिच्यामागें तो चीर पाडी, कपाळाची कातडी अर्धा वेढा देऊन खालीं आणी आणि तिची कड त्या चिरेंत बसवी. सांध्यावर पाण्यांत भिजविलेल्या काथानें माखलेल्या कापडाच्या पांच सहा पट्ट्या एकावर एक ठेवी. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलें कापड लावी. रोग्यानें पांच सहा दिवस उताणें निजावें. दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ चिंध्या घालाव्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधील ती पट्टी कापावी. नवें नाक जवळजवळ मूळच्यासारखें दिसे, आणि कपाळावरचा व्रणही काळानें फारसा जाणवत नसे.

सुश्रुताचें पान येथें मेण झालें आहे आणि गालाच्या जागीं कपाळ आलें आहे. पण माप आधीं घेणें, थोटा भाग ताजा करणें आणि जिवंत धागा राखणें, हीं तिन्ही सूत्रें तींच आहेत. संस्कृताचें अक्षरही ज्याच्या कानावर पडण्याचें कारण नव्हतें, त्याच्या बोटांत तीं शाबूत होतीं.

जेम्स वेल्स या चित्रकारानें शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनीं, जानेवारी १७९४ मध्यें, कावसजीचें चित्र काढलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें तें सगळ्या हकीकतीसह छापून आलें. तो मजकूर लंडनमधील जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याच्या मनांत घर करून राहिला. हिंदुस्थानांत राहून आलेल्या लोकांकडे त्यानें चौकशी केली, प्रेतांवर हात बसविला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका लष्करी अधिकाऱ्यावर हा प्रयोग केला. भूल देण्याची युक्ति प्रचारांत येण्यास अद्याप तीस वर्षें होतीं. तो अधिकारी शुद्धीवर राहूनच तें सारें सोसत होता. दुसरा रोगी १८११ च्या अल्बुएराच्या लढाईंत नाक गमावलेला होता. दोन्ही प्रयोग साधले, आणि १८१६ मध्यें कार्प्यूनें त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दोन वर्षांनीं बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे यानें नासासंधानावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या लिखाणापासून ‘प्लॅस्टिक’ हा शब्द शस्त्रवैद्यकांत रूढ होत गेला. बाजारांतील प्लॅस्टिकशीं त्याचा संबंध नाहीं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मातीला आकार देणें, घडविणें असा आहे. ज्या विद्येनें हें नांव घेतलें, ती युरोपला एका विटा घडविणाऱ्याच्या हातून मिळाली होती, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

यानंतरचा प्रवाह रुंद होत गेला. जुनागडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनीं १८८९ मध्यें आपण केलेल्या शंभर नासासंधानांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धांत तोफांनीं चेहरे फाटलेल्या हजारों सैनिकांवर हॅरल्ड गिलीज यानें इंग्लंडांतील सिडकप येथें शस्त्रक्रिया केल्या. त्याच्याच हाताखालीं शिकलेले मुंबईचे डॉ. नोशीर अंटिया परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्यास कुष्ठरोग्यांसाठीं काम करूं लागले. कुष्ठानें नाकाचा आंतला आधार झडतो आणि नाक बसतें. रोग बरा झाला तरी तें बसलेलें नाक माणसाला घराबाहेर ठेवतें. गिलीज आणि अंटिया यांनीं तें आंतून उचलून धरण्याची पद्धत वापरली. पुण्याजवळून निघालेली विद्या दीडशें वर्षांनीं, सुधारून, पुण्याजवळ परत आली, आणि तीही कावसजीसारख्याच माणसांसाठीं: ज्यांचें दुखणें संपलें होतें, पण ज्यांना समाजांत तोंड दाखवितां येत नव्हतें.

आज सौंदर्यासाठीं नाक सरळ करून घेणाऱ्यास लोक हंसतात आणि जखमी सैनिकाचें नाक घडविणाऱ्या डॉक्टरास हात जोडतात. भूषण आणि उपचार यांच्यामध्यें ओढलेली ही रेघ सुश्रुताच्या त्या अध्यायांत नाहीं. तेथें कान टोचणाराच फाटलेला कान सांधतो, आणि कान सांधणाराच गेलेलें नाक परत देतो. फाटलेल्या पाळीसाठीं आजही स्त्रिया डॉक्टरकडे जातात, आणि कपाळाची कातडी उतरवून नाक घडविण्याची रीत आजच्या शस्त्रक्रियागृहांतही चालू आहे. चार माणसांत आपलें तोंड आपलें म्हणून दाखवितां यावें, ही इच्छा दोहोंच्याही मुळाशीं आहे. तिला चैन म्हणणें सोपें आहे. नाकावांचून वर्ष काढलेल्या माणसापुढें तसें म्हणणें अवघड आहे.

या इतिहासांत क्रूसो आणि फिंडले यांचीं नांवें टिकलीं, चित्रकाराचें टिकलें, कार्प्यूचें आणि ग्रेफेचेंही टिकलें. कावसजीचें नांव तर टिकलेंच, शिवाय त्याचा चेहराही टिकला. ज्यानें तो चेहरा त्याला परत दिला, त्याची मात्र जातच तेवढी लिहिली गेली.