दिवाळीचे कार्ड : कुटुंबाच्या इतिहासाचे एक साधन

इतिहास म्हटला की आपणांसमोर राजे, लढाया आणि तह उभे राहतात. शाळेत आम्ही तोच इतिहास बत्तीस वर्षे शिकविला. परंतु सामान्य कुटुंबासही इतिहास असतो, आणि त्याची कागदपत्रे फार दूर शोधावी लागत नाहीत. एके काळी ती प्रत्येक घरी माजघरातील खुंटीला टांगलेल्या तारेत ओवलेली असत. आपल्या ज्ञातीतील घरे पोटापाण्यासाठी कोकणातून मुंबई, बडोदे, इंदूर, कराची अशी पांगली. या पांगलेल्या घरांना वर्षातून एकदा एकमेकांची खबर देणारे जे दिवाळीचे पत्र, त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम टपालाची हकीकत सांगितली पाहिजे. पूर्वी पत्राचे हशील अंतर आणि वजन पाहून आकारीत. साहजिकच गरिबाचे पत्र वाटसरूच्या हाती जाई आणि पोहोचेल तेव्हा पोहोचे. १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध देशाकरिता एकच दर ठरला. पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात कितीही दूर जाऊ लागले. १ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड निघाले, त्याची किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. संस्थानांची तऱ्हा मात्र निराळी होती. ग्वाल्हेरने १८८५ साली ब्रिटिश टपालखात्याशी करार केल्यामुळे तेथील तिकीट ब्रिटिश मुलखातील पत्रासही चाले. इंदूरच्या होळकर सरकारचे तिकीट १८८६ साली निघाले, परंतु ते संस्थानापुरतेच होते. एका पैशाच्या कार्डाने जे साधले ते मोठमोठ्या सभांनी साधले नसते. दूर गेलेला भाऊ त्यामुळे घरातलाच राहिला.

कार्डाची रीत ठरलेली असे. माथ्यावर श्री, खाली तिथी, मग वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार आणि लहानांस अनेक उत्तम आशीर्वाद. ‘इकडील सर्व क्षेम’ इतके लिहून झाले की खरी बातमी सुरू होई. पाऊसपाणी, धान्याचा भाव, कोणाची परीक्षा, कोणाचे बाळंतपण, गाय व्याली की नाही, हे सारे बारीक मोडीत चार बोटे जागेत बसवीत. लिहिणारा बहुधा पुरुष असे. बायकांचा नमस्कार शेवटी येई, आणि तोही परक्या हातचा. भाऊबीजेची ओवाळणी मनीऑर्डरीने जाई. त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर भावाने लिहिलेल्या दोन ओळी बहिणी जन्मभर जपून ठेवीत.

आमच्या घरची अशी तार आमच्याकडे आहे. एका वृद्ध सहकाऱ्यांनी आम्हांस मोडी शिकविली होती, तिचा उपयोग निवृत्तीनंतर झाला. इंदुरास असलेले चुलत आजोबा आणि कराचीस दिलेली वडिलांची आत्या, यांची बहुतेक सर्व दिवाळीची कार्डे तीत आहेत. कराचीचे कार्ड १९४६ पर्यंत नेमाने येत होते. १९४७ चे नाही. १९४८ चे आले ते कल्याणहून. त्यात घर सोडल्याविषयी एकच वाक्य आहे आणि नवा पत्ता दोनदा लिहिला आहे. फाळणीचा धडा आम्ही वर्गात अनेकदा घेतला होता, परंतु तो पत्ता वाचला तेव्हा आम्हांस तो धडा नव्याने कळला.

कार्डे लावून पाहताना एक गोष्ट ध्यानी आली. आलेली पत्रे जेवढे सांगतात तेवढेच न आलेलीही सांगतात. मृत्यूच्या वार्तेचे पत्र, कोपरा फाडलेले, वाचून लगेच नष्ट करीत. ते घरात ठेवणे अशुभ मानीत. ज्या घरी दुःख झाले तेथे वर्षभर सण नसे, आणि म्हणून दिवाळीचे कार्डही नसे. यामुळे तारेत जेथे एका वर्षाची खोट, तेथे घरात मृत्यू असे आम्ही धरले. घरातील श्राद्धतिथींशी ताडून पाहता ते दोन ठिकाणी खरे ठरले.

इंदूरच्या कार्डांत मात्र १९३८ पासून ओळीने सहा दिवाळ्यांची खोट आहे. इतके मृत्यू त्या घरी झाले नव्हते. आजीने पूर्वी सांगितलेली गोष्ट तेव्हा आठवली. कलमांच्या बागेच्या वाटणीवरून दोघां भावांत अबोला पडला होता. १९४४ साली कार्ड आले. त्यात बागेचा उल्लेख नाही, तक्रार नाही. पाऊस बरा झाला, ज्वारी महाग आहे, आणि थोरल्या मुलीचे लग्न दोन वर्षांमागे पार पडले, एवढेच आहे. पुतणीच्या लग्नाला सख्खा काका नव्हता! आजी सांगे की, ते वाचून आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनीऑर्डरीने आहेर पाठविला. तारेत त्या कार्डावर लगेच मनीऑर्डरीची पोच ओवलेली आहे, आणि तीवर धाकट्या भावाची सही आहे. पुढे वीस वर्षे एकही दिवाळी चुकलेली नाही.

आता आमचा दोष सांगणे प्राप्त आहे. आमच्या घरी दूरध्वनी आला आणि त्या वर्षापासून आम्ही दिवाळीचे पत्र बंद केले. बोलणे तर रोज होते, मग लिहावयाचे कशाला, असे वाटले. आज भ्रमणध्वनीवर दिवाळीच्या दिवशी शेकडो दिव्यांची चित्रे येतात, परंतु पाठविणाराच्या घरी काय घडले ते त्यांत नसते. गतवर्षी परदेशी असलेल्या आमच्या पुतण्याने विचारले, ‘काका, आजीचे डोळ्यांचे ऑपरेशन कोणत्या साली झाले?’ आम्हांस सांगता आले नाही. १९४४ सालची ज्वारी महाग होती हे आम्हांस ठाऊक, आणि स्वतःच्या मातोश्रींचे साल ठाऊक नाही! शरमेने मान खाली घालावी लागली.

त्याच दिवाळीत आम्ही एक पान लिहिले आणि पाच घरी टपालाने धाडले. तीन घरांची उत्तरे आली. एका सुनेने तर स्वहस्ते दोन पाने लिहिली.

ज्ञातिबंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, घरी जुनी तार वा पत्रांचे बोचके असेल तर ते रद्दीत घालू नये. मोडी वाचता येत नसेल तर वार्षिक संमेलनास येताना आणावे, आम्ही वाचून देऊ. आणि येत्या दिवाळीस वर्षाच्या बातमीचे एक पान, तारीख घालून, स्वतःच्या हाताने लिहावे. कोणाशी अबोला असेल तर पहिले पान त्या घरी धाडावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.