टाटा जलविद्युत् कंपन्या

मुंबई शहरास व तेथील गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थापन झालेल्या तीन कंपन्या. जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. तथापि ‘टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी’ त्यांच्या निधनानंतर १९१० मध्ये स्थापन झाली. पुढे ‘आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी’ (१९१६) व ‘टाटा पॉवर कंपनी’ (१९१९) या निघाल्या. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही त्यांची वीजकेंद्रे होत.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस विपुल, परंतु तो मुख्यतः चार महिन्यांतच पडतो. त्यामुळे लोणावळा, वलवण इ. ठिकाणी तलाव बांधून पाण्याचा वर्षभराचा साठा करण्यात आला. हे पाणी पोलादी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीस उतरते. पाणी बेताचे व उतार मोठा असेल तेथे पेल्टन चक्र हे टरबाइन सोयीचे ठरते. तोटीतून वेगाने सुटलेला झोत परिघावरील वाट्यांवर आदळून चक्र फिरते व त्याला जोडलेल्या जनित्रात वीज निर्माण होते. खोपोलीची मूळ चक्रे झुरिकच्या एशर व्हिस कंपनीची होती. अशा अवजड यंत्रांच्या देशी निर्मितीस चालना मिळाली, ती भोपाळच्या ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ (स्थापना १९५६) या सरकारी कंपनीमुळे.

भिरा केंद्रासाठी मुळा नदीवर मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा खोऱ्यातील गावे व भातशेती बुडणार होती. याविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पां. म. बापट हे त्याचे नेते. याच लढ्यामुळे ते ‘सेनापती’ म्हणून ओळखले गेले. ‘जान किंवा जमीन’ ही सत्याग्रहींची घोषणा होती. चळवळ १९२४ पर्यंत चालली. धरण मात्र पूर्ण झाले. धरणग्रस्तांच्या प्रश्नावरील भारतातील आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते.

तिन्ही केंद्रांचे पाणी मूळचे पूर्ववाहिनी भीमा खोऱ्यातील असून वीजनिर्मितीनंतर ते कोकणात सोडले जाते. त्याचा तेथील वस्त्यांना व उद्योगांना उपयोग होतो. परंतु भीमा खोऱ्याच्या अवर्षणप्रवण भागास ते अंतरते. म्हणून हे पाणी पूर्वेकडे वळविण्याची मागणी वेळोवेळी होत आली आहे. तिन्ही कंपन्यांचे २००० मध्ये एकत्रीकरण झाले. शतकापूर्वी वीज आणि शेती यांच्यात निर्माण झालेला पाण्याच्या वाटणीचा हा प्रश्न मात्र त्यानंतरही कायम राहिला.