पिसारी पतंगाची ओळख

ज्यांच्या घरीं नित्य तुरीचें वरण शिजतें, त्यांनीं तुरीच्या एका चिमुकल्या शत्रूचा इतिहास ऐकून ठेवावयास हरकत नाहीं. हा शत्रु म्हणजे पिसारी पतंग. याच्या पुढच्या पंखाचे दोन व मागच्या पंखाचे तीन फाटे असून त्यांच्या कडांना पिसासारखी झालर असते.

अशा पतंगांची पहिली व्यवस्थित मांडणी स्वीडनच्या लिनियसनें १७५८ सालीं केली. पंखांचे फाटे हीं जणूं बोटेंच, असें मानून त्यानें एकांगुलि, द्व्यंगुलि, पंचांगुलि अशा अर्थाचीं लॅटिन नांवें दिलीं. त्यांतच त्यानें षडंगुलिही बसविला. पण पुढील संशोधकांनीं तो निराळ्या कुळांतला ठरविला. केवळ बोटें मोजून ओळख पटत नाहीं, हा त्यांतला धडा होय.

आपल्या तुरीवरील जातीला १८८० नंतरच्या दशकांत वॉल्सिंगहॅम या इंग्रज उमरावानें शास्त्रीय नांव दिलें. परंतु नुसत्या नांवानें शेतकऱ्याचें काय भागणार? कोणत्या अळीपासून कोणता पतंग होतो, हें कळावयास पाहिजे होतें. त्या कामीं टॉमस बेनब्रिग फ्लेचर यांचें नांव घ्यावें लागतें. हे मूळचे ब्रिटिश आरमारांतील अधिकारी. १९०९ सालीं त्यांनीं सिंहलद्वीपांतील पिसारी पतंगांवर लिहिलें; पुढें बिहारांतील पुसा येथें सरकारी कीटकशास्त्रज्ञ झाल्यावर १९२० च्या सुमारास हिंदुस्थानांतील जातींचे जीवनक्रम प्रसिद्ध केले.

तो क्रम असा: मादी कळ्यांवर व कोवळ्या शेंगांवर सुटीं अंडीं घालते. त्यांतून निघालेली हिरवट तपकिरी, केसाळ अळी प्रथम शेंगेची साल खरवडते. मग भोंक पाडून, अंग बाहेरच ठेवून, केवळ डोकें आंत घालते व दाणा खाते. पुरी वाढली तरी ती जेमतेम अर्धा इंच भरते. कोषही बहुधा शेंगेवरच होतो. तोही केसाळ असल्यामुळें पुष्कळांना तो अळीच वाटतो.

ही ओळख निव्वळ विद्वानांची हौस नव्हे. शेंगमाशीची अळी शेंगेच्या आंतच वाढते, म्हणून फवारलेलें औषध तिच्यापर्यंत सहसा पोंचत नाहीं. पिसारी पतंगाची अळी मात्र उघड्यावर सांपडते. शत्रु कोणता हें न जाणतां केलेला उपाय म्हणजे पैसा व पीक दोन्हींची हानि. ज्यांनीं एकेका अळीचा पतंग होईपर्यंत धीर धरला, त्यांच्या श्रमांचा वांटा आपल्या ताटांतील वरणांतही आहे.