उत्पत्तीचे सहा दिवस आणि टाकळीचे शंख

भिलाईलगतचे जुनवानी ज्या छत्तीसगड द्रोणीत वसले आहे, तिचे चुनखडक सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचे. पोलाद कारखान्याला चुनखडी देणारी नंदिनीची खाणही याच द्रोणीतली. १८४५ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप नागपुरात मिशनरी म्हणून दाखल झाले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

ते ज्या स्कॉटिश फ्री चर्चचे होते, तेथे तेव्हा एक प्रश्न धगधगत होता. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात सृष्टी सहा दिवसांत घडते. हे दिवस केवढे? आर्चबिशप अशर यांच्या गणिताने निर्मिती इ. स. पू. ४००४ मधली ठरली होती, आणि खडक तर याहून फार जुने दिसत होते. शंका मात्र भूविज्ञानाने आणलेली नव्हे. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो, मग पहिले तीन दिवस कशाने मोजायचे, हा पेच ऑगस्टिनलाही पडला होता. शिवाय ‘योम’ हा हिब्रू शब्द दिवसाला लागतो, तसा दुसऱ्या अध्यायात सगळ्या निर्मितिकाळालाही. तरी अक्षरशः अर्थ घेणाऱ्यांना मूर्ख समजणे अन्यायाचे होईल. प्रत्येक दिवसाला संध्याकाळ आणि सकाळ आहे, आणि शब्बाथाची आज्ञा त्याच सहा दिवसांवर उभी आहे.

चर्चचे अग्रणी थॉमस चाल्मर्स यांनी दिवस २४ तासांचेच ठेवले, पण त्यांच्या आधी अमर्याद काळ आणि एक प्रलय मानला. जुने जीव त्या पलीकडचे, आजचे अलीकडचे. त्याच चर्चचे ह्यू मिलर, मूळचे पाथरवट, आधी हेच मानत. पुढे त्यांना अलीकडच्या थरांत जुने जीव आणि आजचे जीव अखंड एकमेकांत मिसळलेले आढळले. प्रलयाची रेघ कोठेच नव्हती. तेव्हा त्यांनी मत बदलले आणि दिवस म्हणजेच दीर्घ युगे असा पक्ष घेतला. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८५७ साली निघाले.

इकडे १८५१ मध्ये हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळ टाकळी येथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातले शंख सापडले. पुढे फळे, बिया आणि माशांचे खवलेही मिळाले. अर्थ सरळ होता: लाव्हा थंडावला, त्यावर तळे साचले, पिढ्यान्‌पिढ्या गोगलगायी जगल्या, मग पुन्हा लाव्हा आला. सहा हजार वर्षांत हे बसवणे फार अवघड. १८५५ साली त्यांचा नागपूरच्या भूरचनेवरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला.

तरीही काळाचा आकडा कोणाकडेच नव्हता. १८६२ मध्ये केल्व्हिन यांनी पृथ्वीच्या थंडावण्यावरून २ ते ४० कोटी वर्षांचा अंदाज केला. किरणोत्साराचा शोध लागायला आणखी ३४ वर्षे होती. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यांच्या शंखांचे वय आज सुमारे ६.६ कोटी वर्षे मानले जाते. आणि नंदिनीचा चुनखडक साचत होता तेव्हा पृथ्वी अधिक वेगाने फिरत होती. त्या वेळचा दिवस २४ तासांहून बराच लहान होता.