शब्द, अनुमान आणि एक मूळ संख्या

१६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने एक यादी प्रसिद्ध केली. दोनाच्या कोणत्या घातातून एक वजा केला असता मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज अन्य कशानेही भाग न जाणारी संख्या, मिळते, याची ती यादी होती. तीत २५७ पर्यंतचे अकरा घातांक होते. अखेरचे तीन ६७, १२७ आणि २५७. पंधरा-वीस अंकी संख्येची परीक्षा घ्यायला अवघा काळही अपुरा पडेल, असे स्वतः मर्सेननेच लिहिले होते. यादीचा शेवट तपासून लिहिलेला नव्हता, हे उघड आहे. तरीही त्याचा शब्द सव्वादोनशेहून अधिक वर्षे टिकला. तो खोडण्याचे साधनच कोणापाशी नव्हते.

ते साधन १८७६ मध्ये एदुआर लुका याने दिले. भाजक शोधण्याचा मार्गच त्याने सोडला. पुढे डी. एच. लेमर यांनी सोप्या केलेल्या रूपात ती रीत अशी: चारापासून आरंभ करावा, वर्ग करून त्यातून दोन वजा करावे, परीक्षेच्या संख्येने भागून बाकी घ्यावी, त्या बाकीवर हेच पुन्हा करावे. घातांक विषम मूळ संख्या असावा. त्याहून दोनाने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य उरले तर संख्या मूळ, एरवी नाही. सातव्या घातापासून मिळणाऱ्या १२७ वर करून पाहावे: ४, १४, ६७, ४२, १११, ०.

लुकाने हाताने आकडेमोड करून १२७ व्या घाताची संख्या मूळ ठरविली: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. हे एकोणचाळीस अंक १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठे होते. मात्र ६७ विषयी मर्सेन चुकला होता, हेही लुकानेच दाखविले. त्या संख्येला भाजक आहेत एवढे सिद्ध झाले. ते कोणते, हे सत्तावीस वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

आपल्या नैयायिकांच्या परिभाषेत मर्सेनपाशी शब्द होता, लुकापाशी अनुमान आणि कोलपाशी जणू प्रत्यक्ष. गुणाकार पडताळता येतो, म्हणून कोलचे उत्तर आपल्याला अधिक भरवशाचे वाटते. परंतु मूळ संख्येच्या बाबतीत असे प्रत्यक्ष संभवतच नाही. भाजकांचा अभाव दाखवायचा कसा? तेथे अनुमानावाचून गती नाही.

२०२४ मध्ये चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या सापडली, तेव्हा अंतिम पडताळणी लुका-लेमर रीतीनेच झाली. ते सारे अंक कोणी वाचणार नाही. आपण यंत्राच्या शब्दावरच विसंबतो. फरक इतकाच की हा शब्द कोणालाही, केव्हाही, पुन्हा तपासता येतो. मर्सेनच्या यादीला ती सोय नव्हती.