वर्खाच्या जातीचं नाणं

लॅटिनमध्ये ‘ब्राक्तेआ’ म्हणजे धातूचा पातळ पत्रा. आपल्या पेढ्यावरच्या वर्खाचा जाडसर भाऊ. त्यावरून बाराव्या शतकातल्या चांदीच्या जर्मन नाण्याला ‘ब्रॅक्टिएट’ हे नाव मिळालं, तेही फार उशिरा, अभ्यासकांकडून. ज्यांच्या कनवटीला ते होतं, त्यांच्या लेखी तो साधा फेनिग.

अशी नाणी पाडणाऱ्या माग्देबुर्ग या जर्मन शहराची टाकसाळ सम्राट पहिल्या ओटोच्या दानातून आली. 965 मध्ये त्याने संत मॉरिसच्या मठाला बाजार, जकात आणि नाणी पाडण्याचा हक्क दिला. 968 मध्ये तिथे आर्चबिशपचं पीठ झालं आणि टाकसाळ धर्मपीठाची मिळकत बनली.

पुढे 1130च्या आसपास या मुलखातली नाणी पातळ होऊ लागली. पत्रा चामड्यासारख्या मऊ बैठकीवर ठेवायचा आणि वरून एकच ठसा हाणायचा. पुढे चित्र उठतं, मागे त्याचाच खळगा. वजन ग्रॅमभरही नाही, रुंदी मात्र अडीच-तीन सेंटीमीटर. एवढा नाजूक पत्रा तगायचा तो त्या उठावामुळेच, पन्हाळी पत्रा ताठ राहतो तसा.

एवढं पातळ का? कारण नाण्याचं आयुष्यच अल्प होतं. आर्चबिशप विखमानच्या काळात (1152–1192) माग्देबुर्गमध्ये वर्षातून दोनदा चलन बदलायचं. जुनी नाणी टाकसाळीत द्यायची आणि साधारण चारांना तीन नवी घ्यायची. हा बट्टा म्हणजे उघड करच. बाजारकऱ्याला तो किती जाचला असेल! तरी मला वाटतं, या जाचातूनच त्या काळची सर्वांत देखणी नाणी जन्मली. दर खेपेला नाणं वेगळं दिसायलाच हवं, म्हणून ठसे कोरणाऱ्याच्या हाताला सतत नवं काम. ढाल-निशाण घेतलेला योद्धा संत मॉरिस, धर्मदंड घेऊन आसनावर बसलेला आर्चबिशप. बोटभर रुंदीत सगळं स्पष्ट. शेजारच्या क्वेडलिनबुर्गला तर मठाधिपती स्त्रियाही स्वतःच्या प्रतिमेची नाणी पाडत.

तेराव्या शतकातल्या ‘साक्सनश्पीगेल’ या कायदेग्रंथाने नवा धनी आला तरच नाणी बदलावीत असं म्हटलं. पुढे शहरांनी धन्यांना एकरकमी पैसे मोजून न बदलणारा ‘सनातन फेनिग’ मिळवला. 1300 मध्ये प्राग ग्रोशन हे जाड, भरीव नाणं आलं आणि पातळ पत्र्याचे दिवस भरत आले.

परत आलेली नाणी टाकसाळीत वितळली. आज संग्रहालयांत दिसतात ती बहुतेक जमिनीत पुरलेल्या साठ्यांतली: कुणीतरी बदलायला न नेलेली.